वरच्या मजल्यावरची चिठ्ठी

ताई,
गेल्या जूनमध्ये आम्ही चिंचवडहून इटलीत तोरिनोला आलो. नवरा गाड्यांच्या डिझाइनमध्ये आहे, लेक सहा वर्षांची, इथल्या शाळेत पहिलीत. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर आहे. स्वयंपाकघराची खिडकी आतल्या चौकात उघडते, वर बघितलं की चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या चादरी लोंबताना दिसतात. नोव्हेंबरात लिफ्टमध्ये एक चिठ्ठी लागली. फोनवर भाषांतर केलं तर ‘स्वयंपाक करताना खिडकी बंद ठेवण्याची प्रार्थना’ असं काहीतरी आलं. कुणाचं नाव नव्हतं, पण इमारतीत परदेशी आम्हीच. त्या दिवसापासून मी फोडणी बंद केली. आम्ही शाकाहारी, त्यामुळे वरण नुसतं, खिचडी नुसती, नाहीतर पास्ता. मागच्या आठवड्यात लेकीने विचारलं, “आई, माझ्या जॅकेटला वास येतो का?” रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वर जाऊन बोलते म्हटलं तर नवरा म्हणतो, पेर्मेस्सो, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, हातात येईपर्यंत कुणाच्या तोंडी लागायचं नाही. आम्ही आलो त्याच आठवड्यात इथे परदेशी लोकांच्या नागरिकत्वावर मतदान झालं आणि ते पडलं. आपण इथे कुणाला नकोच आहोत का? परत जावं का? ते राहू दे, फोडणी घालू की नको एवढं तरी सांगा.
फोडणीबंद, तोरिनो

प्रिय फोडणीबंद,

घाल. आज संध्याकाळीच घाल. तू ‘ताई’ म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही सरळ अगंतुगं करते. इटलीत एकोणीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक बोलोन्यात. तुझ्या पत्रातलं जवळजवळ सगळं माझ्याही घरात कधी ना कधी घडून गेलंय.

आधी ती चिठ्ठी. भाषांतराच्या यंत्राने तुला ‘प्रार्थना’ दिली आणि तू घाबरलीस. मूळ वाक्य ‘सी प्रेगा दी’ असं सुरू होत असणार. हे इथलं पाटीवरचं इटालियन. हात लावू नये, दार लोटून घ्यावं, रांगेत उभं राहावं, सगळं ‘सी प्रेगा’च. आपल्याकडे सोसायटीच्या जिन्यात ‘कृपया चपला नीट लावाव्यात’ लिहितात, त्यातलाच प्रकार. रागावलेला माणूस इथे असं लिहीत नाही. रागाच्या चिठ्ठ्या मी पाहिल्यात. आमच्या इमारतीत एकदा कुत्र्याच्या घाणीवरून पानभर मजकूर लागला होता, लाल शाईत, प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. कुत्रा इटालियन, मालक इटालियन, लिहिणारी बाईही इटालियन.

दुसरं, चिठ्ठीत ‘स्वयंपाक करू नका’ असं कुठेही नाही. खिडकी बंद ठेवा, एवढंच आहे. आता तुझंच पत्र पुन्हा वाच. वर बघितलं की आजींच्या चादरी दिसतात, हे तू जाता जाता लिहून गेलीस, आणि मला सगळं तिथेच कळलं. नोव्हेंबरात तोरिनोत धुकं असतं, चादर वाळायला दोन-दोन दिवस लागतात. त्या पिढीच्या बाया ड्रायरच्या वाटेला जात नाहीत. धुतात, झटकतात, चौकातल्या दोरीवर टाकतात आणि वाळल्यावर इस्त्री करतात, हो, चादरींनाही. तू खाली लसणाची फोडणी घालतेस, खिडकी उघडी, गरम हवा सरळ वर. रात्री त्या बाई आपल्या उशीवर डोकं टेकवतात आणि उशीला लसूण-मोहरीचा वास. तुझ्या धुतलेल्या साडीवर कुणी सुक्या बोंबलाचा धूर सोडला असता तर तू लिफ्टमध्ये काय लावलं असतंस?

आणि बोंबलावरून आठवलं म्हणून बोलतेच. पुण्या-मुंबईतल्या आपल्या शाकाहारी सोसायट्यांत मासे खाणाऱ्याला घर देताना किती नाकं मुरडतात, हे तू पाहिलं असशीलच. मी स्वतः कोथरूडच्या अशा एका इमारतीत लहानाची मोठी झाले. तळमजल्यावरच्या कुटुंबाने सुकट भाजली की माझी आजी दार आपटून लावायची. तिला त्या माणसांबद्दल काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही, वाटत होतं. तरीपण संक्रांतीला तिळगूळ द्यायला ती त्यांच्याकडे जायची.

आता हिंगाची गोष्ट ऐक, म्हणजे आपलं नेमकं काय होतं ते कळेल. मी नवी होते, २००७ चा हिवाळा. पुण्याहून खड्या हिंगाची पुडी आली होती. ती फोडून खलबत्त्यात कुटायला घेतली आणि दहा मिनिटांत समोरच्या बाई बेल वाजवायला लागल्या, “सिन्योरा, गॅस! गॅस!” मी म्हटलं, शेगडी बंद आहे. त्या ऐकायलाच तयार नाहीत. तोवर कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केलेला. दोन तगडे जवान हातात मापन यंत्र घेऊन माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात. यंत्र गप्प. मग मी खलबत्ता त्यांच्या नाकाखाली धरला. एक जण मागे सरकला, दुसरा हसत सुटला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचं उग्र द्रव्य मिसळतात, आणि हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. म्हणजे त्या बाईंचं नाक बरोबरच होतं. तेव्हापासून माझा हिंग काचेच्या बरणीत आणि ती बरणी डब्यात.

तेव्हा वास येतो. मी तुला खोटा धीर देणार नाही. लेकीच्या जॅकेटलाही येत असेल. इथल्या छोट्या घरांत कोट टांगायच्या खुंट्या स्वयंपाकघराच्या दाराशीच असतात आणि हिवाळी जॅकेटचं कापड वास धरून ठेवतं. खुंट्या झोपायच्या खोलीत हलव, दार बंद ठेव, एवढ्याने निम्मं काम होईल. शाळेत कुणी काही म्हणालं का, हे माएस्त्रांना, म्हणजे शाळेतल्या बाईंना, साधेपणाने विचार, तक्रारीच्या सुरात नको. पहिलीतली मुलं एकमेकांना सगळंच बोलतात, कुणाचे दात पडके, कुणाचे कान मोठे. लेकीला मात्र ‘नाही गं, काही वास नाही’ असं सांगू नकोस. ‘हो, फोडणीचा येतो, आता जॅकेट आत ठेवू’ म्हण. तिला नाक आहे.

मग शेगडीवरचा पंखा बघ. इथे त्याला काप्पा म्हणतात आणि तो दोन जातींचा असतो. एक हवा भिंतीतल्या धुराड्यात सोडतो, दुसरा नुसती गाळून परत घरातच फेकतो. भाड्याच्या घरांत बहुधा दुसरा. त्याच्या जाळीमागे कोळशाचा फिल्टर असतो, तो काही महिन्यांनी बदलायचा असतो, आणि आधीच्या भाडेकरूने तो कधी बदललेला नसतो. माझ्या पहिल्या घरातला काढला तेव्हा तो तेलाने इतका जड झाला होता की मला वाटलं भागच तुटून हातात आला. फोडणी कढल्यात कर, पातेल्यात नको. हिंग शेवटी टाक आणि लगेच वरणावर ओतून झाकण ठेव, चर्र आवाज आतच राहू दे. तेवढी दोन मिनिटं खिडकी बंद. शेगडी गॅसची असेल तर भिंतीत हवेसाठी एक गोल जाळी असते, तिच्यावर मात्र काही चिकटवू नकोस, ती सुरक्षेसाठी आहे. आणि कुकर. दुपारी दोन ते चार बऱ्याच इमारतींत शांततेची वेळ असते, नेमके तास तुमच्या इमारतीच्या नियमावलीत मिळतील. इटालियन कुकर नुसता फुसफुसतो, शिट्टी मारत नाही. तुझ्या पाच शिट्ट्या त्या चौकात रेल्वेसारख्या घुमत असतील.

आता तुझी मान जरा वर यावी म्हणून एक सांगते. तू ज्या प्रांतात राहतेस तिथला हिवाळ्यातला मानाचा पदार्थ आहे बान्या काउदा. लसूण, खारवलेले अँकोव्ही मासे आणि ऑलिव्ह तेल, मंद आचेवर शिजवलेले. जुन्या हिशेबाने माणशी एक गड्डा लसूण. मध्ये दिव्यावर भांडं ठेवतात आणि सगळे जण ढोबळी मिरच्या, कोबी, कार्दो नावाचे पांढरे देठ त्यात बुडवून खातात. ज्या घरी हे होतं त्याच्या जिन्यात दुसऱ्या दिवशीसुद्धा डोळे मिटून मजला ओळखता येतो. तुझ्या चौथ्या मजल्यावरच्या आजींनी आयुष्यात किती गड्डे शिजवले असतील! त्यांना लसणाचं वावडं असणं शक्य नाही. दुसऱ्याच्या लसणाचा वास वेगळा असतो, एवढंच.

आणि हे तुझ्या एकटीचं दुखणं नाही. मोनफाल्कोने नावाच्या गावातला दोन शेजाऱ्यांचा खटला थेट रोमच्या कास्सात्स्योनेपर्यंत, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तक्रार होती खालच्या घरातल्या तळणाच्या आणि सॉसच्या वासाची. २०१७ मध्ये निकाल आला की स्वयंपाकाचा वास मर्यादेबाहेर गेला तर तो उपद्रव गुन्हा ठरू शकतो. त्यात मसाल्याचा कणभर संबंध नव्हता. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. दिवाणी कायद्यात ‘सामान्य सहनशक्ती’ हा निकष आहे आणि रोजच्या वरणाची फोडणी त्यात आरामात बसते. पण वासावरून भांडणं हा इथला जुना खेळ आहे आणि तो इटालियन माणसं मुख्यतः आपापसांत खेळतात, हे कळलं की चिठ्ठी जरा हलकी वाटेल.

नवऱ्याचं म्हणणं. त्याला सांग, पेर्मेस्सो क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, ठरतो. तिथे पगार बघतात, घर बघतात, गुन्ह्याची नोंद बघतात, बोटांचे ठसे घेतात. लिफ्टमधली बिननावाची चिठ्ठी कुठल्याच फायलीत जात नाही. इमारतीचा कारभार अम्मिनिस्त्रातोरेकडे असतो, तो फार तर घरमालकाला फोन करेल. अर्ज केल्याची पावती तेवढी जपून ठेव. तिच्यावरच्या क्रमांकाने पोलिसांच्या संकेतस्थळावर कार्ड तयार झालं की नाही हे कळतं. ते उशिरा येणारच, धरूनच चाल. माझं पहिलं कार्ड हातात पडलं तेव्हा त्याची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. कुठल्या शहरात ते सांगत नाही. ते घेऊन मी बाहेर पडले आणि त्याच रांगेत नूतनीकरणाचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला पुन्हा उभी राहिले. कार्ड आलं की मात्र तुझे हात मोकळे. कुटुंबाच्या कारणाने मिळालेल्या पेर्मेस्सोवर नोकरी करता येते, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. नवऱ्याच्या कंपनीतल्या बायकांनाही विचारून बघ, दहातल्या सहा जणी ‘मला चालत नाही’ म्हणतील.

मतदानाचं तू चुकीचं वाचलंस, किंवा कुणीतरी तुला अर्धवट सांगितलं. ८ आणि ९ जून २०२५ ला पाच प्रश्न होते. चार कामगार कायद्यांचे आणि एक नागरिकत्वाचा: युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला अर्ज करायला १० वर्षं राहावं लागतं, ती ५ करावीत का? असं सार्वमत वैध ठरायला निम्म्याहून जास्त मतदार यावे लागतात. आले जेमतेम ३० टक्के, म्हणून ते पडलं. पण जे आले त्यांच्यातल्या साधारण ६५ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. सत्तेतल्या पक्षांनी लोकांना घरी बसायला सांगितलं होतं हेही खरं. तेव्हा ‘इटलीने नाकारलं’ असंही नाही आणि ‘इटलीला आपण हवे आहोत’ असंही नाही. बहुतेक इटली त्या रविवारी कुठे होती म्हणशील तर समुद्रावर. तू नुकतीच आलीस, दहा की पाच या वादाचा तुला आज काहीच उपयोग नाही. पुढे कधी वेळ आली तर लक्षात ठेव की भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मी इतकी वर्षं राहूनही निळा पासपोर्ट सोडलेला नाही. तो निर्णय रेंगाळलाय आणि त्याबद्दल माझी घरी बोलणी खाऊन झाली आहेत.

‘आपण परदेशी’ हा शब्द वापरताना मात्र जरा थांब. इटलीत पन्नास लाखांहून जास्त परदेशी नागरिक राहतात, सगळ्यांत जास्त रुमानियाचे. आपले भारतीय दीड लाखांवर, त्यातले बरेचसे पंजाबी. माझ्या घरापासून तासाभरावर नोवेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे, २००० सालचा. ज्या पार्मिजानो चीजचा इटलीला इतका अभिमान, त्याच्या दुधाच्या गोठ्यांत पहाटे धार काढणारे हात कित्येक ठिकाणी सरदारजींचे आहेत. आणि रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या शेतांत जून २०२४ मध्ये सतनाम सिंग नावाच्या मजुराचा हात यंत्रात तुटला. मालकाने त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घराच्या दारात टाकलं. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याकडे कागद नव्हते. भीती वाटायचीच झाली तर ती तशा माणसांना वाटावी, त्यांना तसं कारण आहे. तुझ्या नवऱ्याकडे करार आहे, पगारपत्रक आहे, वकील बघायची ऐपत आहे. त्याने वरच्या मजल्यावर जायला घाबरावं हे मला पटत नाही.

शाळेचं जेवण आणि तुमचा शाकाहार, हे तू विचारलं नाहीस, पण लेक शाळेत जेवत असेल म्हणून सांगते. मेन्साच्या, म्हणजे शाळेच्या भोजनगृहाच्या, अर्जात नैतिक-धार्मिक कारणाने वेगळा आहार मागायची सोय असते. त्याला डॉक्टरचा दाखला लागत नाही, तो अ‍ॅलर्जीसाठी. लिहिताना ‘शाकाहारी’ एवढ्यावर थांबू नकोस. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं ब्रोदो म्हणजे पाणी नाही, असं सुटं सुटं लिही. इथे ट्यूनाला कित्येक जण मांसात धरत नाहीत. मला एका लग्नात ‘शाकाहारी’ म्हणून हॅम वाढलं होतं, अगदी प्रेमाने, ‘उकडलेलं आहे’ असं सांगून. घरून डबा द्यायचा म्हणशील तर तो वाद तुझ्याच शहरात पेटला होता. पालक कोर्टात गेले, २०१६ मध्ये तोरिनोच्या न्यायालयात जिंकले, आणि २०१९ मध्ये रोमने सांगितलं की डबा आणण्याचा बिनशर्त हक्क नाही, शाळा ठरवेल. तेव्हा मुख्याध्यापकांना विचार.

चीजचं तुला माहीत असावं: पार्मिजानोत वासराच्या जठरातलं काल्यो, म्हणजे विरजण, असतं, ग्राना पादानोतही. वनस्पतीचं विरजण वापरलेली चीज मिळतात, वेष्टणावर ‘काल्यो वेजेताले’ शोध. पियादिना आणि फोकाच्या या इथल्या रोट्या-पावांत ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असू शकते. मी पहिली दोन वर्षं आनंदाने खाल्ली, मग वाचायला शिकले. त्यावर तू काय करायचं ते तू ठरव, मी कुणाच्या ताटात बोट घालत नाही.

पण या देशात शाकाहारी माणसाचे हाल होतात हे मी मान्य करणार नाही. पोर्ता पालात्सोच्या बाजारात शनिवारी सकाळी जा. मोहरीच्या पाल्याची बहीण शोभेल अशी चीमे दी रापा, मेथीइतकी कडवट चिकोरी, उन्हाळ्यात भोपळ्याची फुलं, ती तर इथले लोक पिठात बुडवून तळतात, म्हणजे भजीच की. त्याच बाजाराच्या आसपासच्या दुकानांत कढीपत्ता, कोथिंबीर, चणाडाळ मिळेल. बेसन सुपरमार्केटात ‘फारीना दी चेची’ नावाने, रवा ‘सेमोलीनो’ नावाने. आणि फारिनाता खाऊन बघ. चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. पहिल्या घासाला मला रडू आलं होतं. आईच्या हातचा बेसनाचा पोळा, फक्त ओवा-मिरची विसरलेला.

आता वर जायचं कसं, ते. रिकाम्या हाताने नको आणि भाजी-आमटी घेऊनही नको. गरम डबा परक्या घरात नेला की इथली माणसं गोंधळतात, खावं की फ्रिजमध्ये ठेवावं कळत नाही. मी एकदा मेथीचे ठेपले पाठवले होते, ते आठवड्याने तसेच परत आले, शिवाय वर आभाराची चिठ्ठी. शंकरपाळे कर. सहा जानेवारी झाली की इथल्या बेकऱ्यांत कार्निव्हलचा गोड पदार्थ मांडतात, पिठाच्या कातलेल्या तुकड्यांना तळून वर पिठीसाखर. तुमच्या तोरिनोत त्याला बुजीए म्हणतात, म्हणजे थापा. मिलानोत क्याक्येरे, गप्पा. तोस्कानात चेंची, चिंध्या. बोलोन्यात आम्ही स्फ्राप्पोले म्हणतो. आजींनी शंकरपाळा हातात घेतला की त्या म्हणणारच, “या तर आमच्या बुजीए!” मग त्यांना सांग की हा दिवाळीचा फराळ. डिसेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक झाली, तिने वारशाच्या यादीत इटालियन स्वयंपाक घेतला आणि त्याच बैठकीत आपली दिवाळीही. स्वयंपाकाची बातमी इथल्या टीव्हीने इतकी दळली की आजींना ती पाठ असेल. दिवाळीची त्यांना बहुधा कळलेलीच नसेल, ती तू सांग.

वासाचा विषय तू काढ. ‘चिठ्ठी तुम्हीच लावली का’ असं विचारू नकोस, त्या नाही म्हणतील आणि मग दोघींची पंचाईत. ‘माझ्या स्वयंपाकाचा वास तुमच्या चादरींना लागत असेल, तुम्ही कपडे कोणत्या वारी वाळत घालता?’ एवढंच विचार. या बायांचा धुण्याचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी खिडकी बंद, बाकीचे दिवस तुझे. आणि ‘तू’साठी जे रूप आहे ते वापरू नकोस, ‘लेई’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’च वापर. वयाने मोठ्या माणसाला एकेरीत बोललं तर फोडणीपेक्षा जास्त लागेल. भाषेसाठी प्रौढांच्या सरकारी शाळेत नाव घाल, त्यांना सीपीआयए म्हणतात, वर्ग जवळजवळ फुकट असतात. माझ्या वर्गात एक मोरोक्कोची, दोन पेरूच्या, एक चिनी शिंपीण. माझ्या मैत्रिणी तिथल्याच.

बान्या काउदाचं आमंत्रण आलं तर मासे असतात हे आधीच सांगून टाक, पानावर बसल्यावर नको.

दार उघडल्यावर उंबऱ्यातच थांब. इथे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना एक शब्द म्हणायची रीत आहे, तो आहे ‘पेर्मेस्सो?’. तोच, ज्याच्या कार्डाची तुम्ही आठ महिने वाट बघताय. त्याला आतून उत्तर येतं, “अवांती!”, म्हणजे या, आत या. शंकरपाळ्यांची बशी लेकीच्या हातात दे आणि शब्दही तिलाच म्हणू दे. त्यातला जोडाक्षरी ‘स’ चांगला दाबून म्हणावा लागतो, आणि ते तिला एव्हाना तुझ्यापेक्षा छान जमत असणार.

तुझी ताई, बोलोन्या